खिशातील चिटणीस

मराठेशाहीत चिटणिसाचे काम मोठे नाजूक असे. धन्याच्या मनातील मजकूर कागदावर उतरावयाचा, तो योग्य माणसास योग्य वेळी पोचावयाचा, आणि पुढे कधी विचारणा झाली तर त्याची नक्कल दप्तरात सापडावयाची, ही तिन्ही कामे एकाच माणसाच्या शिरावर असत. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांची एक आख्यायिका आमच्या बहुतेक वाचकांनी लहानपणी ऐकली असेल. महाराजांनी सांगितलेले पत्र लिहावयास बाळाजीपंतांस सवड झाली नाही. ते वाचून दाखविण्याची आज्ञा झाली तेव्हा त्यांनी कोरा कागद हाती धरला, आणि सगळे पत्र जणू समोर लिहिलेले आहे अशा रीतीने घडाघडा वाचून दाखविले. आख्यायिका शब्दशः खरी मानावी असा आमचा आग्रह नाही. परंतु चिटणिसाची योग्यता कशात असते हे तीवरून चांगले कळते.

ही गोष्ट आम्हांस आज आठवण्याचे कारण असे की, सुमारे तीस वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका अभियंत्याने असाच एक कोरा पदार्थ हाती धरून, त्यावर सर्व काही लिहिलेले आहे असा बहाणा महिनोन् महिने केला, आणि त्यातून पुढे खिशात मावणारा एक यांत्रिक चिटणीस जन्मास आला. ह्या यंत्रांचा काळ आता संपला आहे. आजच्या महाविद्यालयीन मुलामुलींना ती ठाऊकही नसावीत. तथापि त्यांच्या निमित्ताने प्रत्येक कुटुंबास लागू पडणारा एक प्रश्न उभा राहतो. तो आमच्या घरात मोठ्या चुटपुटीने उभा राहिला, म्हणून ह्या महिन्याचे पान त्यास दिले आहे.

प्रथम यंत्राची हकीकत सांगू. पत्ते, भेटीगाठी आणि टिपणे ठेवणारी हातात धरण्याजोगी विजेची यंत्रे १९८० नंतरच्या दहा वर्षांतच निघू लागली होती. इंग्लंडातील सायन कंपनीचे पहिले यंत्र १९८४ सालचे. पुढे १९९३ साली अमेरिकेत ॲपल कंपनीने न्यूटन ह्या नावाचा मोठा गाजावाजा झालेला प्रयोग केला. मनुष्याने आपल्या नेहमीच्या अक्षरात काचेवर लिहावे आणि यंत्राने ते वाचून घ्यावे, अशी त्यात योजना होती. योजना थोर, पण यंत्राची वाचनशक्ती तोकडी. माणसाने एक लिहावे आणि यंत्राने भलतेच वाचावे, असे प्रकार इतके झाले की वर्तमानपत्रांतील व्यंगचित्रकारांना तो एक आयता विषयच मिळाला. शेवटी १९९८ साली ते यंत्र बंद करण्यात आले.

ह्याच सुमारास जेफ हॉकिन्स ह्या अभियंत्याने १९९२ साली काढलेल्या पाम ह्या छोट्या कंपनीचाही असाच एक प्रयत्न फसला होता. टँडी व कॅसिओ ह्या कंपन्यांच्या सहकार्याने १९९३ साली बाजारात आलेले ते यंत्र बोजड, मंद आणि महाग ठरले. अपयशानंतर हॉकिन्स यांनी जे केले ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्यांनी नवे यंत्र आरंभिले नाही. सदऱ्याच्या खिशात मावेल एवढा लाकडाचा एक ठोकळा कापला, त्यावर पडद्याचे कागदी चित्र चिकटविले, जेवणाच्या चिनी काडीची लेखणी केली, आणि तो ठोकळा खिशात घालून ते हिंडू लागले. कोणी भेटीची वेळ मागितली की ठोकळा काढावयाचा, काडीने त्यावर टिचकी मारावयाची आणि दिवस मोकळा आहे की नाही हे पाहिल्यासारखे करावयाचे. पाहणारांस ते वेड वाटले असेल. परंतु अशा रीतीने कित्येक आठवडे वागल्यावर त्यांस निश्चित कळले की, मनुष्य असे साधन दिवसातून किती वेळा बाहेर काढतो, त्यात काय शोधतो आणि काय मुळीच शोधत नाही. हा ठोकळा आज कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथील संगणक इतिहास संग्रहालयात जपून ठेवला आहे.

ह्या लाकडी अनुभवातून १९९६ साली पायलट हे यंत्र निघाले. पुढे त्या नावावर एका लेखणीच्या कंपनीने हक्क सांगितल्यामुळे नाव बदलावे लागले, आणि पाम हेच नाव लोकांच्या तोंडी राहिले. यंत्राचा खप झपाट्याने वाढला. मग १९९९ च्या फेब्रुवारीत ह्या घराण्यातील सर्वांत देखणे यंत्र बाहेर आले, ते म्हणजे पाम पाच. त्याची किंमत ४४९ डॉलर होती. त्या वेळच्या हुंडणावळीने सुमारे १९,००० रुपये. ही रक्कम त्या काळी आपल्याकडील कित्येक शिक्षकांच्या दोन महिन्यांच्या पगाराहून अधिक असेल. म्हणजे ही चैनीची वस्तू होती ह्यात शंका नाही. परंतु चैनीच्या वस्तूतही विचार किती असू शकतो, हे तिजवरून दिसते.

पाम पाचचे वजन सुमारे ११५ ग्रॅम आणि जाडी अवघी एक सेंटिमीटर. पूर्वीची यंत्रे काळपट प्लॅस्टिकची असत; ह्याचे कवच ॲल्युमिनियमचे होते, आणि त्यास बाहेरून एकही मळसूत्र नव्हते. पातळपणा साधावा म्हणून दोन्ही अंगे चिकटद्रव्याने सांधलेली असत. डाव्या व उजव्या कडेस एकेक खाच होती. एकीत लेखणी बसे, दुसरीत चामड्याचे आवरण. आपण डावखुरे असलो तर दोहोंची अदलाबदल करावी. डावखुऱ्या मुलांच्या हातावर पट्टी मारणारी पिढी आम्ही पाहिली आहे. तेव्हा कारखानदारांनी डावखुऱ्यांची ही आठवण ठेवली, ह्याचे आम्हांस फार कौतुक वाटते.

पडद्याखाली चार बटणे होती. पहिल्याने भेटींची वही उघडे, दुसऱ्याने पत्त्यांची, तिसऱ्याने करावयाच्या कामांची यादी, आणि चौथ्याने टिपणवही. यंत्र झोपलेले असले तरी चालेल. हव्या त्या बटणावर बोट ठेवले की वही पुढ्यात येई. आजचे संगणक सुरू होताना जी ताटकळ करावी लागते, ती येथे क्षणमात्रही नव्हती. हॉकिन्स आणि त्यांचे सहकारी प्रत्येक कामास लेखणीच्या किती टिचक्या लागतात हे मोजून पाहत, आणि रोज लागणाऱ्या कामातील एक जरी टिचकी वाचविता आली तरी ती वाचवीत. आमच्या स्वयंपाकघरांत मिसळणाचा डबा ज्या हिशेबाने मांडलेला असतो, त्यातलाच हा प्रकार. मोहरी, हळद, हिंग हाताशी. वर्षातून चारदा लागणारे जायफळ मागच्या फळीवर.

यंत्राची साठवण २ मेगाबाइट. आजच्या काळी एक छायाचित्रही पुष्कळदा त्याहून मोठे भरते. परंतु तेवढ्यात सुमारे ६,००० पत्ते आणि पाच वर्षांच्या भेटी मावत. पडद्यावर आडवे १६० आणि उभे १६० ठिपके, रंग नाहीत. खाली गणकयंत्राची व शोध घेण्याची खूण. एखाद्या माणसाचे नाव लिहिले की चारही वह्यांतून ते कोठे कोठे आले आहे हे यंत्र शोधून देई. काही नोंदी खाजगी ठरवून सांकेतिक शब्दाच्या पडद्याआड ठेवता येत. दोन यंत्रे समोरासमोर धरली तर अदृश्य किरणांच्या योगाने एकातील पत्ता दुसऱ्यात जाई. त्यामुळे सभासंमेलनांत माणसे नमस्कार करावयाच्या आधी यंत्रांची टोके जुळवू लागली होती. आणि सर्वांत उपयुक्त सोय म्हणजे बैठक. टेबलावर तारेने संगणकास जोडलेली ही बैठक असे. तीवर यंत्र ठेवून तिच्यावरील एकच कळ दाबली की यंत्रातील सर्व मजकुराची नक्कल संगणकात उतरे, आणि त्याच बैठकीवर त्याच्या विजेच्या साठ्यास नवी भरतीही मिळे. चिटणिसाने दिवसाचे काम आटोपल्यावर दप्तरात नक्कल ठेवावी, तसेच हे.

आता लेखनाविषयी. न्यूटनने माणसाचे अक्षर यंत्रास शिकवू पाहिले. हॉकिन्स यांनी उलट केले. त्यांनी माणसासच नवी अक्षरे शिकविली. ह्या लिपीस ग्रॅफिटी असे नाव होते. तिचा नियम एकच: बहुतेक प्रत्येक रोमन अक्षर लेखणी न उचलता एका रेघेत काढावयाचे. त्या वर्णमालेतील पहिले अक्षर मधल्या आडव्या दांडीवाचून, नुसत्या घराच्या आढ्यासारखे. अक्षरे पट्टीच्या डाव्या भागात आणि आकडे उजव्या भागात लिहावयाचे, म्हणजे यंत्राचा घोटाळा होत नसे. डावीकडून उजवीकडे रेघ ओढली की मोकळी जागा सुटे. उजवीकडून डावीकडे ओढली की मागले अक्षर पुसले जाई. थोड्याशा सरावाने हात बसे, आणि पुढे पुष्कळांस त्याची अशी सवय जडे की कागदावर लिहितानाही आढ्यासारखे अक्षर उमटे. ह्या एकरेघी कल्पनेच्या मालकीवरून झेरॉक्स कंपनीने १९९७ साली दावा लावला. तो अनेक वर्षे चालला, आणि दरम्यान २००३ साली पाम कंपनीने ती लिपीच बदलून टाकली.

हे वाचताना आमच्या वयोवृद्ध वाचकांस मोडीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. मोडीतही आधी सबंध ओळीची शिरोरेघ ओढून घ्यावयाची, आणि मग तिला अक्षरे लटकावीत बोरू शक्य तितका न उचलता धावावयाचे. ह्रस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाही; शब्दाशब्दांत अंतर नाही. ज्याप्रमाणे ग्रॅफिटीत लहान-मोठ्या लिपीचा भेद एका वेगळ्या रेघेवर सोडून दिलेला, तसेच हे. दोन्ही लिप्या सौंदर्यासाठी नव्हेत, तर घाईत असलेल्या कारकुनासाठी होत्या. घाईच्या लिपीस एक किंमत द्यावी लागते. ती लिहिणारास सोपी आणि मागाहून येणारास अवघड असते. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांची रुमालेच्या रुमाले आहेत. ती निवडून, वाचून, बाळबोधीत उतरवून छापावयाची म्हणजे काय परिश्रम, हे गोविंदराव सरदेसाई यांच्या देखरेखीखाली १९३० पासून निघालेल्या ४५ भागांकडे पाहिले म्हणजे कळते. परंतु एक गोष्ट विसरता कामा नये. ते कागद वाचणारांची शंभर-दोनशे वर्षे वाट पाहत राहिले आणि तरीही टिकले.

आमच्या भाषेची ह्या यंत्रात सोय नव्हती. देवनागरी अक्षर त्यास मुळात ठाऊकच नव्हते, म्हणून मराठी लिहावयाचे तर रोमन लिपीत. भारतीय भाषांचा विचार करणारे सिंप्यूटर नावाचे हातयंत्र बंगळूरच्या शास्त्रज्ञांच्या प्रयत्नांतून तयार होऊन २००४ साली विक्रीस आले. पण त्याचा प्रसार झाला नाही. दुसरी अडचण तिथींची. पाम यंत्राच्या भेटवहीत एखादी नोंद दर वर्षी त्याच तारखेस, किंवा दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आपोआप यावी अशी योजना होती. १९०४ पासून २०३१ पर्यंतच्या तारखा तीत होत्या. परंतु भाद्रपद वद्य नवमी दर वर्षी कोणत्या तारखेस पडते, हे त्या बिचाऱ्यास कोठून कळणार? ज्या घरात वाढदिवस तारखेने, सणवार व श्राद्धे तिथीने, आणि दुधाचा हिशेब भिंतीवरील दिनदर्शिकेच्या चौकोनात पेन्सिलीने ठेवला जातो, त्या घरास हे यंत्र अर्धेच समजणार. शिवाय भिंतीवरील दिनदर्शिका सर्वांची असते. येता जाता कोणीही ती वाचते, कोणीही तीवर लिहिते. खिशातील चिटणीस मात्र एकट्याचा. एकत्र कुटुंबाच्या दृष्टीने हा भेद लहान नाही, हे पुढील हकिकतीवरून दिसेल.

आमचे थोरले काका, ज्यांस घरात सर्वजण अण्णा म्हणत, यांस त्यांच्या अमेरिकेतील चिरंजीवांनी २००० साली ह्याच जातीचे एक यंत्र आणून दिले. ते कोणत्या कारखान्याचे, हे सांगण्याचे प्रयोजन नाही; कारण पुढे जे झाले त्यात दोष यंत्राचा नव्हता, आमचा होता. अण्णा सेवानिवृत्त अभियंते. पहिल्या आठवड्यातच त्यांनी ती लिपी हस्तगत केली. दर वर्षी पाडव्याच्या दिवशी ते पंचांग पुढ्यात घेऊन बसत, आणि वर्षाच्या सगळ्या तिथींच्या तारखा काढून एकेक नोंद यंत्रात घालीत. कोणाच्या मुलीचे वय काय, कोणास कोणते औषध सोसत नाही, आंब्याची पेटी कोणाकडे पोचवावयाची राहिली, हे सर्व त्यात होते. जेवणाच्या पंक्तीस काही वाद निघाला की अण्णांनी हळूच यंत्र काढावे, दोन टिचक्या माराव्यात आणि निकाल द्यावा. आम्ही थट्टेने त्यास घरचे न्यायालय म्हणत असू.

पण त्या यंत्रात एक ठेव अशी होती की तिची थट्टा करावी असे कोणाच्या मनात येत नसे. आमची आजी तेव्हा पंचाऐंशी वर्षांची होती. दुपारी ती पडून असताना अण्णा जवळ बसत, आणि तिला आठवतील त्या जात्यावरच्या ओव्या रोमन लिपीत टिपून घेत. यंत्रातील एका टिपणात सुमारे चार हजार अक्षरेच मावत. म्हणून त्यांनी ओव्यांचे एक, दोन, तीन असे भाग पाडले होते. आजी एक ओवी सांगे, मग थांबे, मग म्हणे, "हे माझ्या आतेसासूबाईंचं हं." अण्णा तेही लिहीत. काकू शेजारी लसूण सोलीत बसलेल्या असत. त्यांसही बहुतेक ओव्या येत होत्या.

आजी गेली. काही वर्षांनी, २००९ च्या पावसाळ्यात, अण्णाही अचानक गेले. त्या दिवसांत कोणास यंत्राची आठवण राहणार? कोणी तरी ते त्यांच्या चष्म्याबरोबर कपाटात ठेवून दिले. पुढल्या वर्षी नातीचे लग्न ठरले. घाणा भरण्याच्या वेळी आजीच्या ओव्या म्हणाव्यात असे काकूंच्या मनात आले, आणि आम्ही कपाटातून यंत्र काढून बैठकीवर ठेवले. अर्ध्या घटकेने पडदा उजळला. त्याने आमचे स्वागत केले, लेखणी कोठे टेकते हे ठरविण्यासाठी कोपऱ्यांतील खुणांवर टिचक्या मारावयास सांगितले, आणि तारीख विचारली. नव्या कोऱ्या यंत्राप्रमाणे. चारही वह्या रिकाम्या होत्या.

ह्याचे कारण समजून घेणे जरूर आहे. अशा यंत्रांतील मजकूर ज्या स्मृतीत राहत असे, ती विजेच्या अखंड प्रवाहावर जगणारी होती. बटण दाबताक्षणी वही उघडे आणि लिहिलेले वेगळे जपून ठेवण्याची आज्ञा द्यावी लागत नसे, ह्याचे रहस्य हेच. मजकूर नेहमी जागा असे. परंतु जागे राहावयास अन्न लागते. यंत्र वापराविना पडले तरी ते साठ्यातील वीज थोडी थोडी घेतच असे, आणि साठा पुरता आटला की मजकूर मावळे. म्हणजे ज्या गुणामुळे हा चिटणीस इतका तत्पर होता, त्याच गुणामुळे तो उपाशी राहताच सर्व विसरला. कारखानदारांनी ह्यावर उपाय दिला होताच, संगणकातील नक्कल. पण तो जुना संगणक आम्हीच, घरात अडगळ नको म्हणून, त्याआधी भंगारवाल्यास दिला होता. त्याच्या पोटात काय आहे हे विचारण्याचे एकाही सुशिक्षिताच्या मनात आले नाही.

काकू रागावल्या नाहीत. बराच वेळ त्या यंत्राकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे, ह्यांनी त्यात लिहून घेतलं ना, तेव्हाच मला वाटलं, आता मला लक्षात ठेवायला नको."

हे वाक्य आम्हांस अजून बोचते. यंत्राने काकूंच्या ओव्या पुसल्या नव्हत्या; त्यास तर त्या कधी ठाऊकच नव्हत्या. पण कोठे तरी लिहिलेले आहे एवढ्या भरवशावर त्यांच्या मनाने ते ओझे खाली ठेवले होते. त्या संध्याकाळी आम्ही कागद घेऊन बसलो. आठवून आठवून काकूंनी सात ओव्या सांगितल्या, दोन अर्ध्या राहिल्या. घाण्याच्या वेळी त्या सातच म्हटल्या गेल्या.

त्याच कपाटाच्या तळाशी आमच्या पणजोबांची मोडीतील हिशेबाची वही आहे. घरात ती कोणासही वाचता येत नाही. गेल्या उन्हाळ्यात एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांनी तिची काही पाने आम्हांस वाचून दाखविली. एका मुंजीचा खर्च, तांदूळ किती, तूप किती, आणि शेवटी कोणा गरीब विद्यार्थ्यास वर्षभर वार लावून दिल्याची नोंद. वहीस वाळवी लागली आहे, पण वही बोलली. दोन्ही साधने घाईच्या लिपीत लिहिलेली आणि दोन्ही कपाटात पडून राहिलेली. तरीही एकास वाचक मिळेपर्यंत थांबता आले आणि दुसऱ्यास आले नाही.

ह्यावरून यंत्रे टाकावीत आणि बोरू घ्यावा असा उपदेश करण्याचा आमचा हेतू नाही. तसे करणे हास्यास्पद होईल. पाम यंत्राच्या गुणांविषयी आम्ही वर जे लिहिले ते मनापासून लिहिले आहे. खिशातील त्या चिटणिसाचा वंश पुढे दूरध्वनीत मिसळला. २००७ साली ॲपलचा आयफोन निघाल्यापासून स्वतंत्र यंत्र बाळगण्याचे कारण उरले नाही. पाम कंपनी २०१० साली ह्यूलेट-पॅकार्डने घेतली, आणि पुढल्याच वर्षी तिच्या यंत्रांचे काम थांबले. आज त्या चारही वह्या प्रत्येकाच्या दूरध्वनीत आहेत, देवनागरीत आहेत, आणि तिथीही दाखवितात. वीज संपली म्हणून मजकूर मावळेल अशी भीती आता नाही. परंतु चिटणीस एकट्याचा राहिला आहे तो राहिलाच. कुलूप पूर्वीपेक्षा भक्कम झाले आहे, आणि किल्ली धन्याच्या बोटाच्या ठशात आहे. धनी गेल्यावर दप्तर कोणी उघडावयाचे, हा प्रश्न अण्णांच्या यंत्रापुढे जसा होता तसाच आज घराघरांत आहे.

ज्यांनी लाकडाचा ठोकळा खिशात घालून एकेक टिचकी मोजली, त्यांनी मनातील विचार आणि वहीतील नोंद ह्यांमधले अंतर जवळजवळ नाहीसे केले. हे काम थोर आहे. पण नोंद आणि पुढची पिढी ह्यांमधले अंतर कमी करणे हे कोणा कारखानदाराचे काम नव्हे. ते घरातील माणसांनीच करावयाचे आहे. आम्ही आमच्यापुरता एक परिपाठ घातला आहे, तो वाचकांपुढे ठेवतो. दसऱ्याच्या दिवशी सरस्वतीपूजनास वह्या-पुस्तके मांडतो, त्याच्या आदल्या रविवारी घरातील प्रत्येकाने आपल्या यंत्रातील जे एकट्याचे नाही, सर्वांचे आहे, ते कागदावर उतरावे: तिथी, पत्ते, देणीघेणी, औषधे, पाककृती, आणि वडीलधाऱ्यांनी सांगितलेले जे काही असेल ते. यंत्रे उघडण्याचे सांकेतिक शब्द एका पाकिटात घालून घरातील एका विश्वासू माणसाजवळ द्यावेत. आणि जुने यंत्र घराबाहेर काढण्यापूर्वी त्याच्या पोटात काय आहे हे चार माणसांत विचारावे. एवढ्यास एक दुपार पुरते.

पहिल्या वर्षी मुलांनी थोडी कुरकुर केली. गेल्या दसऱ्यास धाकट्या सुनेने आपण होऊन काकूंजवळ बसून विचारले, "त्या अर्ध्या राहिलेल्या दोन ओव्या पुन्हा म्हणून पाहता का?" एक पुरी झाली. दुसरीचा शेवटचा चरण अजून सापडलेला नाही; तिच्यासाठी वहीत एक ओळ कोरी सोडून ठेवली आहे.